रक्ततपासणीचा कप्पा

सशासारखी भित्री म्हणून घरात तिला सगळे ससुली म्हणत. पाल दिसली की खुर्चीवर चढणारी ही बाई रुग्णालयाचा मोठा सर्व्हर सांभाळते, यावर सासऱ्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

यंत्र एकच, पण आत कप्पे पाडलेले. रक्ततपासणीचा वेगळा, हिशेबाचा वेगळा. काही प्रोसेसर झोपवून ठेवलेले असत. काम वाढलं की जागे करायचे, ओसरलं की पुन्हा झोपवायचे.

त्या दुपारी गावाबाहेरच्या वळणावर दोन बसगाड्या धडकल्या आणि जखमींची रीघ लागली. तातडीच्या विभागात तिची नणंद परिचारिका होती. तिचा फोन आला.

"वहिनी, कुणाचा रक्तगटच दिसेना. पडद्यावर नुसतं चाक फिरतंय."

"जास्तीचे जागे करते. फोन ठेवू नकोस."

जागे केले. तरी चाक फिरतच राहिलं. ससुलीनं आतली मांडणी उघडून पाहिली. प्रत्येक कप्प्यासाठी प्रोसेसरांचे गट बांधलेले होते, आणि रक्ततपासणीच्या गटाला इतकेच घ्यायचे अशी वरची मर्यादा घातलेली होती. नवे जागे झालेले सगळे हिशेबाच्या गटात जाऊन पडले होते. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

मर्यादा उचलायची म्हणजे चालत्या यंत्रात हात घालायचा. मागं एकानं असाच घातला, तर अख्खा कप्पा बंद पडला होता. परवानगीसाठी तिनं दुसऱ्या फोनवरून विभागाच्या साहेबांना लावला, तो लागेना. नणंदेच्या फोनमधून कुणीतरी कण्हत असल्याचं ऐकू येत होतं.

"वहिनी, आहेस ना?"

"आहे गं." बंद पडलं तर? आपल्या हातून कुणी गेलं तर? तळहात साडीला पुसून तिनं मर्यादा वाढवली, हिशेबाकडचे प्रोसेसर इकडे वळवले.

पडदा गोठला. तिनं डोळे मिटून घेतले.

"आलं," नणंद म्हणाली. "सगळ्यांचं आलं. ठेवते, पेशंट आहे."

ससुली भिंतीला धरून बेसिनपाशी गेली आणि ओकली.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "परवानगी न घेता कसं केलंत?"

"घाबरतच केलं, साहेब."

 साहेबांनी रक्ततपासणीच्या गटाची मर्यादा कायमची वाढवली. रात्री नणंद घरी आली, जेवली आणि बसल्या जागीच झोपली. ससुलीनं तिच्या अंगावर पांघरूण घातलं.