ठमाबाईची पारख

महाळुंगे पडवळात कुणाचं बाळंतपण झालं की घरचं माणूस आधी ठमाबाईकडे यायचं, पेढे आणायला मग जायचं. बाळाला आणि बाळंतिणीला न्हाऊ घालावं ते तिनंच. तेलाचा हात फिरवताना बाळंतिणीच्या छातीत दूध साखळलं असेल, तर ती गप्पा मारता मारता गाठ शोधून काढायची. बोटांचा गर्व होता तिला, आणि का नसावा?

दोन हजार साली तिच्या स्वतःच्याच उजव्या छातीत गाठ निघाली. पुण्याला ऑपरेशन झालं, छाती काढली, औषधांनी केस गेले आणि परत आले. उजवा हात मात्र सुजायला लागला. कढत पाणी नको, ओझं नको, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणजे न्हाऊ घालणं संपलंच.

तिच्या जागी बायका साळुबाईला बोलवू लागल्या. नवरा वारल्यावर माहेरी परतलेली ही बाई. तिला तेलाचा हात शिकवला तो ठमाबाईनंच. "गुरूची विद्या गुरूलाच फळली," असं ठमाबाई चारचौघींत हसून म्हणायची आणि घरी येऊन भांडी आपटायची. कॅन्सरनं छाती नेली ते तिनं सोसलं होतं. साळूनं गाव नेलं, ते सोसवेना.

हॉस्पिटलातल्या नर्सबाईंनी शिकवलं होतं, दर महिन्याला उरलेली छाती बोटांनी गोल गोल दाबत काखेपर्यंत तपासायची, ऑपरेशनची जागाही बघायची. हिला वाटलं, मला काय शिकवता! पण स्वतःच्या अंगाला लागली की बोटं थरथरत. बरगडी लागली तरी गाठच वाटे. कितीदा तरी ती मुलाला, गोरखला, घेऊन पुण्याला धावली, आणि दर वेळी डॉक्टर म्हणाले, काही नाही. दुसरी एखादी सुटले म्हणाली असती. हिला बोटांची लाज वाटली.

अशात सून वृषाली दुसऱ्यांदा बाळंत झाली, सासरीच. साळुबाई आता ठमाबाईच्याच न्हाणीत येऊन बसू लागली. ठमाबाई दारात पाट टाकून चुका शोधायची.

"पाणी लई कढत हाय."

"न्हाई वैनी, कोपर बुडवून बगितलंय. तुमीच शिकवलंय की."

त्यावर सुनेनं मीठ चोळलं. "साळूआत्याचा हात लई मऊ हाय." सासूचा नुसता तिळपापड झाला.

मग एका सकाळी वृषालीची छाती दुखायला लागली. साळू यायच्या आत ठमाबाईनं हात लावून पाहिला आणि तिला गाठ लागली. "गोरख, जीप काढ, पुण्याला न्यायची हिला!" घरात रडारड झाली. तेवढ्यात साळू आली, तिनं हात फिरवला आणि म्हणाली, "दूध साखळलंय." मंचरच्या डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. दोन दिवसांत गाठ विरली. गावभर झालं, ठमाबाईची पारख गेली. साळू कुणाला काही बोलली नव्हती. तिनं निदान कुजकं बोलावं, एवढंही सुख तिनं दिलं नाही.

आणि त्याच आठवड्यात एका सकाळी आंघोळ करताना ठमाबाईचं बोट डाव्या छातीवर अडलं.

ती चुलीपुढं बसून राहिली. गोरखला सांगावं, तर पुन्हा तेच. पोर आता कंटाळलं होतं. न सांगावं, तर पहिल्या खेपेची आठवण जिवंत होती. आपल्या बोटांवर तिचा भरवसा उरला नव्हता. गावात भरवशाचा हात एकच होता, आणि तो कुणाचा हे मनात आणतानाही तिला कडू लागत होतं.

बाळाची आंघोळ आटोपून साळू निघाली, तशी ठमाबाईनं दार लोटलं आणि चोळीच्या गाठीला हात घातला. "साळू, माजी छाती बग."

साळू जवळ बसली. तिची बोटं हळूहळू गोल फिरू लागली. हात खरंच मऊ होता. ठमाबाईला तिथंही चीड आली. हिला काही लागू नये, असं तिनं मनोमन देवाला विनवलं; आणि काहीच लागलं नाही तर आपण कायमच्या खुळ्या ठरू, हेही त्याच वेळी मनात आलं.

साळूचा हात थांबला. पुढं गेला, परत तिथंच आला. ठमाबाईनं तिच्या तोंडाकडं पाहिलं नाही. असा परत आलेला हात काय सांगतो, ते तिला कुणी शिकवायला नको होतं.

"वैनी," साळू म्हणाली, "वाटाण्याएवढी हाय. उद्या पैल्या यष्टीनं पुण्याला जाऊ. मी येते संगती."

ठमाबाईला मरणाची भीती वाटली, अगदी पहिल्यासारखी. तरी तिनं चोळीची गाठ नीट बांधली, पदर घेतला आणि साळूकडं सरळ पाहिलं.

"मला सकाळीच लागली व्हती," ती म्हणाली. "तुज्या आदी."