मामासोलीची गाजरं

मामासोलीच्या शेताला पाण्याचा तोटा कधी पडला नाही. ऐन उन्हाळ्यात कालवे आटले की कोकंद शहराच्या आसपासचे भाजीवाले हात चोळत बसायचे, आणि याची पिवळी गाजरं मात्र मनगटाएवढी पोसायची. शहराचं सांडपाणी नेणारा नाला त्याच्या बांधाला लागूनच वाहत होता.

पाणी घाण आहे हे तोही मान्य करी. पण वाहत्या पाण्याने सात कोलांट्या घेतल्या की ते शुद्ध होतं, अशी तिकडे सगळ्यांचीच समजूत. मामासोलीने पाटात सात दगडी पायऱ्याच बांधल्या. खाली पाणी नितळ दिसे, वासही बराच मरे. त्याची खात्री पटली.

त्याची मुलगी मुहय्यो शहरातल्या माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिचं लग्न ठरलं तेव्हापासून बापाची एकच हौस होती: लग्नाच्या पुलावात गाजर पडेल ते आपल्याच शेतातलं.

आदल्या दिवशी तो गाजरं उपटायला निघाला, तशी मुहय्यो आडवी आली.

"बाबा, ही गाजरं नकोत. मी माती आणि गाजर दोन्ही तपासलं. कॅडमियम आहे, विषारी धातू."

"पाणी सात पायऱ्या उतरून येतं, पोरी."

"पायऱ्यांनी गाळ बसतो, वास जातो. विरघळलेला धातू पाण्याबरोबरच उतरतो. वरच्या अंगाला मुलामा द्यायचा कारखाना होता ना? त्याचं सगळं तुमच्या मातीत साठलंय. गाजर तिथूनच ओढून घेतं."

"सोलून, धुऊन घेऊ."

"आतलं कसं धुणार?"

"मी जन्मभर खातोय. मला काय धाड भरलीय?"

"ते हळूहळू मूत्रपिंडात साठतं. एका जेवणाने पाहुणे आजारी पडणार नाहीत. पण माहीत असून मी लोकांच्या पानात वाढू?"

तंदूरपाशी रोट्या लावणारी होजरखान, त्याची बायको, तिथूनच म्हणाली, "अहो, लेक गाजरांतच खोट काढतेय, नवऱ्या मुलात नाही. नशीब समजा."

मामासोली रिकामं पोतं घेऊन सोतवोल्दीकडे गेला. सोतवोल्दीची शेती विहिरीवरची. त्याच्या बोटभर गाजरांना मामासोली बाजारात सगळ्यांसमोर उंदराच्या शेपट्या म्हणायचा.

"या, या," सोतवोल्दी म्हणाला. "किती शेपट्या बांधू?"

"लग्नाला पुरतील एवढ्या. आणि हसायचं ते आत्ताच हसून घे."

"छे, संध्याकाळी सगळ्यांबरोबर हसेन."

संध्याकाळी रिवाजाप्रमाणे गल्लीतले पुरुष सुऱ्या घेऊन गाजरं चिरायला जमले. पहिलंच गाजर हातात घेऊन एकाने विचारलं, "मामासोली, ही कुणाची रे? तुझी कुठायत?"

थाप मारणं सोपं होतं. किडीवर ढकललं असतं तरी खपलं असतं. मामासोलीने त्याच्या हातातलं गाजर घेतलं.

"माझ्या मातीत विषारी धातू निघालाय. पोरीने तपासलं. ही सोतवोल्दीची. बारीक आहेत, पण खाण्याजोगी आहेत."

सुऱ्या थांबल्या. सोतवोल्दीसुद्धा हसला नाही. मग कोपऱ्यातून कुणी तरी हळूच म्हणालं, "नाल्याचं पाणी मीही घेतो."

"आम्हीही," आणखी एक जण म्हणाला.

"मग मूठभर माती आणून द्या," मामासोली म्हणाला. "पोरगी तपासेल. पण आधी गाजरं चिरा, सकाळी पुलाव व्हायचाय."

सकाळी पुलाव जेवून माणसं उठली. आहेरात रेशमाचे तागे होते, चहाचे संच होते, आणि शेजारी नावं लिहिलेल्या मातीच्या पुड्यांची रांग.

नवरदेवाने एक पुडी उचलून पाहिली. "हे काय?"

"नीट ठेव," मामासोली म्हणाला. "तुझ्या बायकोचं काम आहे."