आईने फोन दुरुस्तीला नेला

बर्लिनच्या खोलीत हिवाळाभर एकट्याने एक गाणं बनवलं. शब्द नाहीत, ठेका नाही; नुसती घरघर आणि त्यात लांबवलेला माझाच आवाज. इंटरनेटवर टाकलं, तर कुत्रंही फिरकलं नाही. कीबोर्ड खिडकीतून फेकावासा वाटत होता. शेवटी ते गावी, सडक अर्जुनीला, आईला पाठवलं. ऐकून तिला वाटलं, फोनच बिघडला. ती तडक हायवेवरच्या मोबाईलच्या दुकानात गेली आणि तिथूनच तिने मला फोन लावला.

मी खेकसलो, "फोन नाही बिघडला वं, गानंच तसं हाय!"

तिने दुकानवाल्याला पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग हळूच म्हणाली, "दुकानवालाबी मनते, फोन साजरा हाय. मंग तू तिकडे कायले कन्हून राहिला, बाबू?"