समुद्राला भ्याली म्हणे अव्वा!

आज पहाटे काका गेले. मला काडीचंही वाईट वाटलेलं नाही.

वाटलं तर अनफ्रेंड करा.

सकाळपासून फॅमिली ग्रुपवर त्यांचा तोच फोटो फिरतोय. बेलबॉटम, गॉगल, होडीच्या काठावर एक पाय. खाली लिहिलंय, 'आमचा सागरवीर'.

डोंबलाचा सागरवीर!

सत्तरच्या दशकात सोलापुरातून दिवाळीला कोण समुद्रावर जायचं? आम्ही जायचो. काकांचा सुताचा धंदा जोरात होता. मालवणात त्यांचा एक मित्र, त्याची शिडाची होडी. किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं, बेटांवर उतरायचं, संध्याकाळी एखादं गाव गाठायचं.

अव्वा, म्हणजे माझी आई, फक्त पहिल्या वर्षी आली.

दुष्काळ नुकताच सरला होता. रांगा लावून पाणी भरलेली बाई ती. होडीत बसताना तिनं गोड्या पाण्याच्या दोन कळशा आठवणीनं भरून घेतल्या.

दुपारी एका बेटापाशी काका पोहले. बेट कसलं, नुसता खडक. मग खाऱ्या पाण्यानं अंग खाजायला लागलं. साहेब फळीवर बसले, साबण लावला आणि दोन्ही कळशा अंगावर ओतायला लागले.

"भावजी, प्यायचं पाणी हाय ते!"

"वहिनी, जरा भोवती बगा की! पाण्याला काय तोटा हाय? हे काय सोलापूर हाय?"

सगळे हसले. माझे वडीलपण हसले.

मग वारा पडला. शीड लुळं. नावाडी म्हणाला, "वारो नाय. आता बसा गप."

अव्वानं एक तांब्या बाजूला काढून ठेवला होता. त्यातलं ती मला आणि धाकट्या भावाला घोट घोट पाजत होती. स्वतः थेंब नाही घेतला.

शेवटी उरलेलं काकांनी मागितलं. मागितलं हो! लाज नाही, शरम नाही. दिराला नाही कसं म्हणायचं? दिलं तिनं.

रात्री उशिरा वारा सुटला. किनाऱ्याला लागलो आणि ती वाळूत कोसळली.

सोलापूरला आल्यावर काकांनी सगळ्यांना काय सांगावं? "वहिनी लाटांना भ्याली! दातखीळच बसली!"

मी म्हटलं, "खोटं आहे, पाणी तुम्हीच..." तर डोळे वटारले. "मोठ्यांच्यात तोंड घालू नको."

पुढच्या दिवाळीला ठरूनच गेलं. "वहिनीला नको बाबा, तिला समुद्र सोसत न्हाय." त्याच्या पुढच्या दिवाळीलाही तेच.

ती कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून द्यायची आणि घर राखायची. आम्ही परत आलो की मला एकटीला गाठून विचारायची, "पाणी कसं हुतं गं? निळं हुतं का?"

ह्यासाठी मी काकांना कधी माफ केलं नाही.

मागं एकदा जुळे सोलापूरला त्यांच्या फ्लॅटवर गेले. म्हटलं, "काका, अव्वा थकलीय. एकदा सगळ्यांसमोर खरं सांगून टाका."

"अगं, गंमत हुती की ती! किती मनाला लावून घेता तुम्ही बायका."

आज अव्वाला शेवटच्या दर्शनाला घेऊन गेले. घर माणसांनी भरलेलं. आणि तिथंसुद्धा काकांच्या मुलानं डोळे पुसत काढलंच. "काकू, बाबा नेहमी सांगायचे, तुमी समुद्राला लई भ्यायचा."

अव्वा काठी टेकत काकांच्या पायाशी गेली. त्यांच्याकडं हात करून म्हणाली,

"मी भ्याले नव्हते. मला समुद्र लई आवडला हुता. ह्या माणसानं प्यायच्या पाण्यानं आंघोळ केली, आन मला जल्मभर घरी बसवलं."



मग तिनं हार घातला, हात जोडले.

"जावा आता, भावजी."

काका, आत्म्याला शांती वगैरे बाकीचे लिहितीलच. अव्वा जे म्हणाली तेच माझं.

जावा.