पार्कसाहेब आणि माझी नुनची

परदेशात एकाच मायक्रोवेव्हपुढे रोज डबे गरम करायला लागलं की किस्से साठतातच. आमच्या आखातातल्या मआमीरच्या ऑफिसातही साठलेत, फक्त बहुतेक सगळे माझ्यावरचेच!

आमचे मॅनेजर पार्कसाहेब कोरियन. मी रुजू झालो त्याच आठवड्यात ते हसत म्हणाले, "कुलकर्णी, तुला नुनची नाही." शेजारच्या मिस चोईनं अर्थ सांगितला. 'नुन' म्हणजे डोळा. समोरच्याच्या मनातलं न सांगता ओळखायचं, ती नुनची. त्यातला 'ची' कुठून आला, हे मात्र तिलाही सांगता येईना. मी म्हटलं, एवढंच ना? आम्ही पुण्याचे, आम्हाला हे जन्मजात असतं.

*

साहेबांना आणि मिस चोईला हूऱ्यातल्या माझ्या घरी जेवायला बोलावलं. पुरणपोळीचा बेत होता. ते नको म्हणेनात, म्हणजे आवडली असणार, म्हणून मी आग्रह करकरून पाच वाढल्या. मिस चोई टेबलाखालून मला पाय मारत होती. तिला अडचण होत असेल म्हणून मी पाय बाजूला घेतला. दुसऱ्या दिवशी साहेब सिक लीव्हवर. नाही म्हटलं तर मला वाईट वाटेल, हे त्यांनी ओळखलं होतं ना!

*

मग कळलं, साहेब उठेपर्यंत आपण उठायचं नसतं. एकदा साडेसात वाजले तरी ते जागेवरच. मीही नेटानं बसलो. शेवटी त्यांचा ड्रायव्हर, आमचा मालवणचा सावंत, आत आला. "कुलकर्णीसायब, घराक जावा हो. तुमचा काम संपूक नाय म्हणान ते थांबलेत."

माझं काम चारलाच खलास झालं होतं.

*

आणि रजेचं तर विचारूच नका. आईची पंचाहत्तरी होती. "तू नसलास तर मी पाटावर बसायची नाही," तिनं फोनवर ठणकावलं. इकडे शटडाउनचं, म्हणजे प्लान्ट बंद ठेवून दुरुस्तीचं काम, रजा कुणालाच मिळत नव्हती. आता नुनची वापरायचीच, असं ठरवून मी अर्ज खिशात घालून हिंडू लागलो. सावंतला पंचाहत्तरीचं सांगून ठेवलं आणि रोज सकाळी त्याला विचारायचं, साहेबांचा मूड कसा आहे? तो म्हणायचा, आज नको. असे तीन आठवडे गेले. आई रोज विचारायची, मी रोज इंशाल्ला म्हणायचो आणि मनातून रडकुंडीला यायचो.

पाच दिवस उरले तेव्हा धीर करून केबिनमध्ये गेलो. मी तोंड उघडायच्या आत साहेबांनी ड्रॉवर उघडला. आत माझ्या नावाचा फॉर्म. कारणाच्या जागी 'आईची पंचाहत्तरी', खाली साहेबांची सही. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची.

फॉर्म माझ्यापुढे सरकवत साहेब म्हणाले, "बरं, आज सावंतनं माझा मूड कसा सांगितला?"