हणमंतराव, पंचांग आणि न उघडणारा फोल्डर

आज पहाटे हणमंतराव गेले. आमच्या पंचांग-कार्यालयात माझ्यावर आवाज चढवणारे आता कोणी उरले नाही.

सैन्याच्या सिग्नल विभागातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, पाटणकडचे हे गृहस्थ वाईतील आमच्या कार्यालयाचे संगणक सांभाळत.

मी संध्या-जपातला, ते बोलण्यात शिव्या पेरणारे. तरी आमचे जमले.

त्यांची एक दुपार सकाळपासून डोळ्यांसमोरून हलत नाही.

पंचांगाचे गणित माझ्या लिनक्स संगणकावर होते. पानांची मांडणी मृणाल मॅकवर करते. दोघांच्या मध्ये सर्व्हर.

त्या आठवड्यात सर्व्हर नवा आला, आणि त्याने मला दारातच अडवले.

"प्रवेश नाकारला." एवढेच उत्तर.

तिथींची सुधारलेली कोष्टके माझ्याकडे अडकली. मृणालच्या पानांत जुनीच होती, एकादशी चुकलेली.

त्यात सांगलीच्या छापखान्याचा फोन. "सांजच्या आत पानं द्या. न्हाईतर मशीन दुसऱ्या कामाला लावतो. मग पाडव्यानंतरच बघू."

मृणालने भीत भीत हणमंतरावांना विचारले, "काका, पेनड्राइव्हवर घेऊ का?"

"नाव काढू नगंस पोरी!" ते कडाडले.

हा संताप निष्कारण नव्हता. आदल्या वर्षी पेनड्राइव्हच्या ये-जा करण्यात जुने कोष्टक पानांत गेले, आणि आमच्यावर विश्वासलेल्या घरांनी भलत्याच दिवशी एकादशी धरली.

त्यांत हणमंतरावांची म्हातारी आईही होती.

तेव्हापासून त्यांचा नियम: कोष्टक सर्व्हरवरूनच जाईल. आणि पुन्हा चूक झाली तर हे काम सोडीन, असे ते आईसमोर बोलून बसले होते.

त्यांनी केबल बदलली. माझ्याकडून पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकवून घेतला.

"पिंग जातंय, पन फोल्डर उघडंना. मानूस घरात हाय, दार लावून बसलाय."

"माझ्या हातून काही प्रमाद घडला का?"

"आवं, तुमच्या हातनं कसला घडतोय! टाका परत."

छापखान्याचा पुन्हा फोन. हणमंतराव नुसते "देतो" म्हणाले.

मग त्यांनी सर्व्हरवरील नकारांच्या नोंदी उघडल्या, आणि एकदम थांबले.

"शास्त्रीबुवा, तुमच्या मशीनवर किती वाजल्यात?"

मी सांगितले.

"आन् सर्व्हर म्हनतोय अर्धा तास पुढं. कोन खोटं बोलतंय?"

"कोणीच नाही," मी म्हणालो.

हे पंचांग सुरू करणाऱ्या आमच्या गुरुजींनी कार्यालयाचे घड्याळ वाईच्या मध्यान्हावर, म्हणजे देशाच्या प्रमाणवेळेच्या अर्धा तास मागे, लावले होते. संगणक आला, तेव्हा त्यालाही तीच वेळ दिली गेली. जुन्या सर्व्हरने कधी हरकत घेतली नव्हती.

"आवं, वेळ जुळल्याबिगर ह्यो नवा वळखच पटवून घेत न्हाई! तुमचा सूर्य आन् माझा सर्व्हर भांडत्यात, आन् मी केबली उपसतोय!"

"परंतु सुभेदार, ती वेळ गुरुजींनी लावलेली आहे. तिला या वास्तूत कोणी हात लावलेला नाही."

मला वाटले, आता ते गरजतील.

त्यांनी आवाज उतरवला. "मला शास्तर कळत न्हाई. तुमीच सांगा. ह्या घड्याळावाचून तुमचं गनित अडतं का?"

मृणाल माझ्याकडे पाहत होती. तसबिरीतून गुरुजीही.

"अडत नाही," मी म्हणालो. "रेखांतराचा संस्कार, म्हणजे वाईच्या वेळेचा फरक, सूत्रातच धरला जातो. बदला."

हणमंतरावांनी बूट काढले. तसबिरीला हात जोडले. मगच वेळ बदलली.

फोल्डर उघडला.

तरी त्यांनी पाने लगेच सोडली नाहीत. वर्षातील प्रत्येक एकादशी मला मोठ्याने वाचायला लावली. पाने सांगलीला पोहोचली तेव्हा दिवस मावळतीला आला होता.

पुढे दर वर्षी ते पाने अशीच तपासून घेत; त्या पाडव्यापासून आमच्या पंचांगात तिथीची चूक निघालेली नाही.

आज त्यांच्या दारी गेलो. त्यांच्या आईने, त्या माउलीने, मला जवळ बोलावले. डोळे कोरडे होते.

"बुवा, आज तिथी कोन्ती? नीट बघा. पुढल्या साली त्याचं श्राद्ध चुकाय नगं."

मी पंचांग उघडले. तिथी सांगितली.

"बरोबर हाय न्हवं?"

"बरोबर आहे, आई. तुमच्या लेकाने तपासलेले आहे."

सुभेदार, आपल्याला माझा अखेरचा, कृतज्ञ नमस्कार.