चांगुणामावशीची ओळख करून देताना

कलावंताच्या गळ्यात ईश्वर वसतो, असं त्या संध्याकाळी रिसॉर्टचे मालक, म्हणजे साहेब, माइकवर म्हणाले. मग माइक बाजूला ठेवून त्यांनी चांगुणामावशीला तोंड उघडायला सांगितलं. ईश्वर नेमका कुठे आहे, ते पाहुण्यांना बघायचं होतं.

पाहुण्यांत मुंबईचे एक घशाचे डॉक्टर होते. त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला. "आ करा. अजून मोठा." मावशीनं आ केला. बाकीचे हातातले ग्लास सांभाळत वाकले. कुणीतरी म्हणालं, "दात बघा किती पक्के." हे वाक्य मी बैलबाजारात ऐकलंय. तिथे निदान मालक कोण, हे ठरलेलं असतं.

मी शेजारीच उभी होते. निवेदनाचं काम माझं. मावशीची मान मागे कलली होती, गळ्याची शीर उडत होती आणि उजेड तिच्या टाळूवर फिरत होता. कुणी तिला हात लावला नाही. लावायची गरज पडत नाही.

आमच्या बँडचं नाव कातळ. बेंजो वाजवणारा रसायनीच्या एका कारखान्यात कंत्राटावर आहे, शिफ्ट सुटली की वाजवतो. क्लॅरिनेटवाले नाना खोपोलीच्या लग्नाच्या बँडमधून आलेले. ढोल माझ्या भावाचा. आणि पुढे मावशी. तिचा आवाज गोड नाही. जाड आहे, कडेला थोडा फाटलेला. ऐकणारा हातातलं काम खाली ठेवतो आणि मग हातांचं काय करावं, ते त्याला कळत नाही. मी कर्जतच्या एका शाळेची लायब्ररी सांभाळते; आवाजाची वर्णनं पुष्कळ वाचलीत. त्यातलं एकही हिला लागू पडत नाही. म्हणून मी ओळख करून देताना तिचं नाव आणि वाडी, एवढंच सांगते.

साहेबांना ते पुरेसं वाटलं नाही. त्यांनी मॅनेजरला पाठवलं. हा खालापूरकडचा, बोलायला घरच्यासारखा.

"वळख अशी द्यायची," तो मला म्हणाला. "मावशी हितं गवत कापत होती. गात होती. सायबांनी ऐकलं. सायबांनी हिला शोधली. समजलं?"

"गवत कापताना गानं?" मावशी पदरानं तोंड पुसत म्हणाली. "सायबाला म्हनावं, एक भारा काप. मंग शीळ तरी वाजते का बघ."

नाना हसले. मॅनेजर हसला नाही.

"तू शिकलेली हायस गं," तो माझ्याकडे वळून हळू बोलला. "वाडीची वाट कुठून जाते, ते तुला काय सांगायचं. गेट आमी अजून उघडंच ठेवलंय ना? ठेवू पन. फकस्त नीट बोल."

वाट रिसॉर्टच्या मधून जाते. खरं म्हणजे रिसॉर्ट वाटेच्या मधे आला. त्याच वाटेनं आमची वाडी रस्त्याला लागते, आणि नदीकाठच्या मसणवटीतही त्याच वाटेनं जाते. आधी तिथं लोखंडी गेट बसलं. मग कुत्रे आले. ते भुंकत नाहीत, नुसते बघतात.

दिवस डोंगराआड गेला. दिव्यांच्या माळा लागल्या. कुत्रे साखळीनं आणून स्टेजजवळ बांधले. सुरक्षेसाठी, असं सांगण्यात आलं. कुणाच्या, ते सांगितलं नाही.

मी माइकपाशी गेले. साहेब पहिल्या रांगेत, हात जोडायच्या तयारीत. मी मागे वळून मावशीला विचारलं, "काय म्हणतेस?"

"वाटेचं," ती म्हणाली. "बेंजो नको."

वाटेचं गाणं आम्ही कार्यक्रमात कधी म्हणत नाही. आमच्या वाडीत माणूस गेलं की ते म्हणतात. जाणारा चुकू नये म्हणून त्याला वाट सांगायची असते.

मला मघाचा तो टाळूवरचा उजेड दिसत होता. मी बोलले.

"ही चांगुणाबाई. वरच्या वाडीची. हिला कुणी शोधलेली नाही, कारण ती हरवली नव्हती. आता ती मयताचं गाणं म्हणेल. यात मेलेल्याला वाट सांगतात. ती वाट इथूनच जाते. तुम्ही बसलात तिथून."

मावशी गायली. उंबराखालून जा, म्हणाली. उंबर तोडून तिथं बार केलाय. मोठ्या खडकाला उजवा हात लावून जा, म्हणाली. तिथं पोहायचा तलाव आहे. एकेक खूण आली, तशी माणसं आपापल्या पायाखाली बघू लागली. मागे काहीजण ठेक्यावर टाळ्या वाजवत होते; ते उशिरा आले होते. हळूहळू तेही थांबले. साहेबांनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरनं कुत्र्यांकडे पाहिलं.

हे गाणं मधे सोडत नाहीत. वाट अर्धी सांगितली तर मेलेला तिथंच राहतो. मावशी पार नदीपर्यंत गेली.

दुसऱ्या दिवशी गेटला कुलूप लागलं. वाडी आता ओढ्यातून वळसा घालून ये-जा करते. "तुझं बोलनं झालं, चालायला आमी," असं शेजारीण मला ऐकवते. तिचं खरं आहे. तिचे गुडघे दुखतात.

तरी मावशीची ओळख मी अशीच देणार. कुठल्याही माइकवर, कुणीही समोर बसलेलं असो. आणि वाडीतलं पुढचं मयत ओढ्यातून जाणार नाही. गेटातून जाईल. पुढे मी चालेन, मागून मावशी गात येईल. कुलूप त्यांनी काढलं तर ठीक. नाही काढलं तर आम्ही तोडू. हे मी मॅनेजरला त्याच्या तोंडावर सांगितलंय.

तूर्त वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई ठणठणीत आहे. काल तिनं सुकटीबरोबर आणखी एक भाकरी मागून घेतली.